आरशावरच्या टिकल्या

पुसदला कोणी विचारलं, "काय काम करते वं तू?" की मी आधी नुसतं "जहाजावर" म्हणायचे. म्हणजे नेव्हीत? नाही. मालाच्या जहाजावर? नाही. मग ते हजारो लोक घेऊन फिरतं ते? तेही सोडून सात वर्षं झाली. शेवटी कंटाळून सांगायचे, "एका श्रीमंत माणसाची स्वतःची बोट आहे. यॉट म्हणतात. पन्नास मीटर लांब, त्यात दहा पाहुणे आणि त्यांची सरबराई करायला आम्ही तेरा जण." शेजारच्या काकू हनुवटीला हात लावायच्या. "माय वो! दहा माणसायसाठी तेरा? अन् त्यात तू काय करते?" मी म्हणायचे, "झाडू-पोछा." काकूंना वाटायचं पोट्टी थट्टा करून राह्यली. नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली पोरगी झाडू-पोछा कायले करंन?

थट्टा नव्हती. मी स्ट्युअर्डेस आहे, आणि स्ट्युअर्डेस म्हणजे मुख्यतः पुसणारी बाई. वाढणं असतं, इस्त्री असते, फुलदाण्या भरणं असतं, पण दिवसाचे निम्मे तास पुसण्यात जातात. नळाच्या मागचा कोपरा कान कोरायच्या कापसाच्या काडीनं पुसायचा. काचेवर पांढरं व्हिनेगर मारायचं, फडकं फिरवायचं, मग वाकून तिरप्या उजेडात बघायचं की कुठे बोटाचा ठसा राहिला का. पाहुणा हात धुऊन बाहेर पडला की आपण आत. बेसिन कोरडं, टॉवेल नवा, टॉयलेट पेपरच्या टोकाला घडी. डेकवर पायात कोणीच काही घालत नाही, मालकसुद्धा नाही. सगळ्यांची पायताणं चढायच्या शिडीजवळ टोपलीत, कारण डेक सागाचा. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. म्हटलं, घ्या! सागावर अनवाणी चालायला मी एवढ्या लांब आले, आणि आमच्या जिल्ह्यात सागाची जंगलंच्या जंगलं उभी आहेत.

खोली आवरायची एक पद्धत आहे. आत गेलं की आधी फोनवर फोटो काढायचा. चष्मा कुठे आहे, पुस्तक कितव्या पानावर पालथं आहे, गोळ्यांची पट्टी कोणत्या बाजूला. मग सगळं उचलून पुसायचं आणि फोटो बघून जिथल्या तिथे ठेवायचं. खोली लख्ख दिसली पाहिजे, पण कोणी येऊन गेलं असं पाहुण्याला वाटता कामा नये. आमच्यावरच्या मोठ्या बाईचं एकच पालुपद: तुम्ही दिसलात म्हणजे चुकलात. आमचे जिने वेगळे, आमची बोळकांडं वेगळी. पाहुणा समोरून आला तर कुठल्या दारात शिरायचं हेसुद्धा ठरलेलं. त्या बाईला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, पण दोन वर्षांत तिच्याहून पक्की झाले. मला या कामाचा अभिमान आहे. उगाच कशाला खोटं बोलू? लोक नाक मुरडतात ते मुरडोत. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

बाबांनीही नाक मुरडलं होतं. ते तहसील कचेरीत कारकून होते, आता निवृत्त. बोलणं मोजकं, आणि एकदा बोलले की तो विषय मिटला. मी बोटीवर निघाले तेव्हा म्हणाले, "लोकायचे संडास धुवाले शिकवलं का तुले एवढं?" बस्स, पुन्हा त्यावर चकार शब्द नाही. बॅग आईनं भरून दिली. ती घरी ब्लाउज शिवायची, दाताखाली दोरा धरूनच बोलायची. म्हणाली, "तू जा. समुद्र पाय, अन् मले सांग." मग मी सांगत राहिले. दुपारच्या सुटीत रोज व्हिडिओ कॉल. ती मशीन थांबवायची, फोन सुपारीच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि पहिला प्रश्न तोच, "काय खाल्लं आज?" मासे म्हटलं की, "शी बाप्पा!" बाबा मागे पेपर वाचत बसलेले. फक्त पेपर दिसायचा, पण पान काही उलटायचं नाही.

गेल्या जुलैत आमची बोट ग्रीसमधल्या एका बेटाजवळ नांगर टाकून उभी होती. मालकाच्या पाहुण्यांत एका म्हाताऱ्या बाईंचा वाढदिवस होता आणि दुपारचं जेवण डेकवर मांडलं होतं. काम चालू असताना आमचे फोन खाली क्रूच्या खोलीत असतात. मासळीच्या प्लेटा घ्यायला मी खाली गेले, तर टेबलावर माझा फोन थरथरत होता. धाकट्या भावाचा मेसेज होता. "आई गेली. अटॅक आला. फोन कर."

मी फोन पालथा ठेवला, तीन प्लेटा हातावर घेतल्या आणि वर गेले. हसत गेले. वाढलं, ग्लास भरले, काटा खाली पडला तो उचलून दुसरा दिला. केक आला तेव्हा सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं. तीन वाजता छोटी बोट दोन पाहुण्यांना बेटावर सोडायला जाणार होती, हे मला माहीत होतं. बेटावरून संध्याकाळी विमान सुटतं, हेही माहीत होतं. त्या छोट्या बोटीत बसले असते तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुसदला पोचले असते. नुसतं तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. पाहुण्यांचं जेवण चाललेलं, मध्येच आपण कुठे दिसायचं, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि दुसरं म्हणजे, हातात प्लेटा होत्या तोवर ती गेली नव्हती.

सहा वाजता मी कॅप्टनला सांगितलं. तो भला माणूस, दोन मुलींचा बाप. त्याचा चेहराच उतरला. "दुपारीच का नाही बोललीस? मी तुला त्याच बोटीनं पाठवलं असतं. पाहुणे काय, थांबले असते." म्हणजे बोटीलाही दोष द्यायची सोय राहिली नाही. तिकिटं त्यानंच काढून दिली, पण ती दुसऱ्या दिवशीची.

भावाला मी कळवलं की बोट समुद्रात होती, नेटवर्क नव्हतं, मेसेज उशिरा पाहिला. इकडे बाबांनी सगळ्यांना थोपवून धरलं होतं. बर्फाची पेटी आणवली होती. दिवस दमट, उकाड्याचे, नातेवाईक म्हणत होते किती वेळ ठेवायचं. बाबांचं एकच, "पोट्टी येते. थांबा." दुसऱ्या दिवशी दिवस मावळायला आला तेव्हा मात्र त्यांचा नाइलाज झाला. मी तिसऱ्या दिवशी अंगणात पाय ठेवला तेव्हा लोक खुर्च्या उचलत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

तेरवीच्या गर्दीत त्यांचं न बोलणं खपून गेलं. मी परत बोटीवर गेले. पुढचे पाच महिने फोनवर "हं", "बरं", "ठेवतो". भाऊ नागपूरला त्याच्या संसारात, घरी बाबा एकटे. डिसेंबरात महिनाभराची सुटी मिळाली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, या खेपेला बाबा बोलले पाहिजेत. शिव्या देऊ देत, पण बोलू देत. ते सत्तरीला आलेत. ते न बोलताच मी परत गेले आणि पुढच्या वेळी पुन्हा असाच मेसेज आला तर? या भीतीनं माझी झोप उडाली होती.

आठ दिवस झाले. मी पहाटे उठायचे, चहा, आंघोळीचं पाणी, स्वयंपाक. "बाबा, भाजी कशी झाली?" "बरी." "बाबा, फिरायला येऊ का तुमच्यासंगं?" "नको." माझीच चिडचिड व्हायला लागली. दगडाला तरी पाझर फुटतो म्हणतात, इथे कशाचं काय! नवव्या दिवशी ते पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले आणि मला वाटलं, आपल्याला जे येतं ते तरी करून दाखवू. घर लख्ख करून ठेवू. परत आल्यावर म्हणतील काहीतरी.

स्वयंपाकघर झालं, मग आतली खोली. तिथे लोखंडी आलमारी, तिला उभा आरसा. सवयीनं आधी फोटो काढला. मग व्हिनेगर, मग वर्तमानपत्राचा बोळा. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात मरून रंगाचं काही चिकटलेलं होतं, ते नखानं खरवडलं. निघेना, तर जुनं एटीएम कार्ड घेऊन खरवडलं. मग वाकून तिरप्या उजेडात बघितलं. एक ठसा नाही, एक रेघ नाही. पोछ्याचं पाणी नालीत ओतून मोकळी झाले. त्या टिकल्या होत्या, हे मला दिसत होतं. आईच्या होत्या, हेही कुठेतरी कळत असणारच. पण काच हाताखाली आली की माझं डोकं बंद पडतं, नुसता हात चालतो.

बाबा आले, शर्ट बदलायला आरशासमोर उभे राहिले. मी चहा घेऊन दारात. त्यांनी खाली वाकून त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. मग अर्धी बटणं काढलेला शर्ट तसाच ठेवून पलंगावर बसले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आई तोंड धुण्याआधी कपाळाची टिकली काढून आरशाला लावायची. सकाळी कधी तीच घ्यायची, कधी नवी. जुन्या तिथेच राहायच्या. "आरसा हाय का दुकान?" असं बाबाच तिला चिडवायचे. काकूंनी मला मागाहून सांगितलं, पाच महिन्यांत त्यांनी कामवाल्या बाईला त्या आरशाला हात लावू दिला नव्हता.

चहा निवला. मी "बाबा, चुकलं माझं" म्हणाले. ते उठून बाहेर गेले.

आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण नाही, मी अक्कल चालवली. माझ्याकडे फोटो होता ना! दुपारीच बाजारात गेले, चार दुकानं पालथी घालून तोच मरून रंग, तेच माप शोधून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेल्यावर फोनवर फोटो मोठा करून एकेक टिकली लावली. अकरा होत्या. एक जरा बाजूला सरकलेली, एक दुसरीवर अर्धी चढलेली, तीही तशीच लावली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. बोटीवर असते तर मोठ्या बाईनं पाठ थोपटली असती. करायला गेले गणपती अन् झाला मारुती.

बाबा आले. पाहिलं. "हे काय करून ठेवलं?"

"होत्या तशाच लावल्या, बाबा. फोटो होता माझ्याकडे."

"तशाच?" त्यांचा आवाज एवढा चढला की मी मागे सरले. "त्या तिच्या कपाळाच्या होत्या! ह्या दुकानातल्या हायेत!" त्यांनी तळहातानं कोपरा खसाखसा पुसला. दोन टिकल्या हाताला चिकटून आल्या, त्या झटकल्या तरी पडेनात. "हेच शिकली का तू तिथं? पुसाचं, अन् मंग जसंच्या तसं मांडून ठेवाचं, कोनाले पत्ता लागू नाही द्याचा? अवं, बाई राहत होती इथं! पस्तीस वर्सं राहत होती! पत्ता लागला पाह्यजे न!"

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं.

"अन् तुहं काय? धा दिस झाले आली त. सकाळी उठून पायतो तं अंथरून घडी करेल, कप धुवेल, थैली कुठं ठेवली कोनाले ठाव. मीच इचारतो मले, आलती का खरंच पोट्टी, का भास झाला? घरात आली तं दिस न, बाप्पा!"

पाच महिन्यांत त्यांनी माझ्याशी सगळे मिळूनही एवढे शब्द काढले नव्हते. खरं सांगते, ते ओरडत होते आणि मला बरं वाटत होतं. मग त्यांचा श्वास लागला. ते पलंगावर टेकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "काहून नाही आली तू तवा? खरं सांग. नेटवर्कचं मले नको सांगू. त्याच बोटीवरून तिच्यासंगं रोज बोलत होती तू. मी मांगंच बसलो राहो."

म्हणजे पाच महिने त्यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलले. मी खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. फोन पालथा ठेवला ते. मासळी वाढली ते. तीन वाजताची छोटी बोट माझ्या डोळ्यांसमोर गेली ते. "मी हसत होते, बाबा. टाळ्या वाजवल्या. गाणं म्हटलं." त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांच्या पायांकडे बघत बोलले. आता म्हणतील निघ घरातून, किंवा आता उठून जातील ते कायमचेच, असं वाटत होतं. माझी तयारी झाली होती.

बाबांनी हाताला चिकटलेल्या टिकल्या सोडवल्या. मग म्हणाले, "मंग तू कवा जेवली?"

मला कळलंच नाही. "कधी म्हणजे?"

"त्या दिवशी. त्यायचं सारं झाल्यावर. तुले कोनं खाऊ घातलं?"

"कोणी नाही. भूक नव्हती. मी माझ्या बंकवर जाऊन पडले. मग विमानात पाणीच पीत राहिले."

"अन् इथं आल्यावर?"

"सगळ्यांचं होऊन गेलं होतं, बाबा. मी आपलं घेतलं वाढून."

"म्हंजे तुहा कडू घास राह्यला," बाबा म्हणाले.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. आजूबाजूचे पिठलं-भाकर करून आणतात आणि घरातल्या एकेकाच्या तोंडात बळंच पहिला घास घालतात. त्यालाच कडू घास म्हणतात. तोवर दाबून धरलेलं माणूस त्या घासाला फुटतं, रडतं, आणि मग जेवतं. बाबांना आणि भावाला काकूंनी भरवला होता. माझ्या वाटचा कोणाच्या ध्यानात येणार? मी तिथे नव्हतेच.

बाबा उठले. मांडणीवरून स्टीलचं एक ताट काढलं, पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडले. उभ्या आयुष्यात त्यांनी शेजारी वाटीभर साखर मागितली नाही. ते सगळं आई करायची. मी दारात उभी राहून बघत होते. काकूंच्या फाटकाशी ते ताट हातात धरून थांबले, एकदा खाकरले, मग हाक मारली.

"वहिनी, शिजलं असंन काही तं द्या. पोट्टीचा कडू घास राह्यला."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आता? पाच महिन्यानं?"

"हो," बाबा म्हणाले. "राह्यला तिचा."

काकूंनी पुढे काही विचारलं नाही. ताट भरून दिलं, ज्वारीची भाकर आणि गरम बेसन, म्हणजे पिठलंच. बाबा दोन्ही हातांनी ताट सांभाळत आले, मांडी घालून माझ्यासमोर फरशीवर बसले. भाकर त्यांना नीट मोडेना. एक तुकडा बेसनात बुडवून त्यांनी माझ्या तोंडाशी धरला. मी तोंड उघडलं. घास आत गेला आणि तिथेच अडकला, गिळवेना.

"गीळ, पोरी," बाबा म्हणाले. "तुही माय गेली."

तेव्हा मी रडले. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रडले. काकू फाटकातून धावत आल्या, दारात थबकल्या. बाबांनी त्यांना हातानंच बसा म्हटलं आणि दुसरा घास मोडला.